सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक नाही

माझं नाव रामकिसन. अणदुरात मला सगळे मास्तर म्हणतात. पण गेल्या वर्षभरात मला आणखी एका नावाची सवय लागली आहे, ते म्हणजे अंक्या. एकाहत्तराव्या वर्षी कुणी आपल्याला अंक्या म्हणावं आणि आपल्याला ते आवडावं, हे लिहितानासुद्धा संकोच वाटतो. कदाचित हा परिच्छेद मी नंतर खोडून टाकीन.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला आता फोनवरून देता येतो, म्हणून पुतण्यानं मला फोन घेऊन दिला. दाखला वर्षातून एकदाच द्यायचा असतो. उरलेलं वर्ष तो फोन माझ्याकडं बघत पडून राहायचा. मग एका रविवारच्या पुरवणीत लेख वाचला. मराठवाड्यातल्या समलिंगी पुरुषांचा एक ग्रुप ऑनलाइन चालतो, असं त्यात होतं, आणि खाली पत्ताही होता. ती पुरवणी मी गावच्या वाचनालयातून, जे मीच सांभाळतो, पिशवीत घालून घरी आणली. वाचनालयातला अंक घरी नेऊ नये, ही पाटी मीच रंगवून तिथं लावलेली आहे.

मी लग्न केलं नाही. पुस्तकांच्या नादात राहून गेलं, असं गाव समजतं. खरं कारण मला अठराव्या वर्षापासून माहीत होतं. पुस्तकांनी आळ स्वतःवर घेतला, एवढंच.

ग्रुपच्या चालकानं विचारलं होतं, "का यायचंय?" मी लिहिलं, "नुसतं वाचायला." त्यानं विचारलं, "नाव काय लावू?" खरं नाव लावायची सक्ती नव्हती. माझ्यासमोर मासिकांचा गठ्ठा होता. मी लिहून दिलं, "जुना अंक." त्याचं पोरांनी आठवड्याभरात अंक्या केलं.

ग्रुपचं नाव 'बालाघाट भटकंती'. घरच्यांनी फोन पाहिला तरी डोंगर चढणारी पोरं वाटावीत म्हणून. माझ्या माहितीप्रमाणं त्यातलं कुणीही आजवर टेकडीसुद्धा चढलेलं नव्हतं. चालक नंदीश मूळचा लोहाऱ्याचा, धाराशिवला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो. तो आणि आणखी दोघंचौघं सोडले तर बाकी सगळे टोपणनावानं. वाघ्या, फवारा, उसाचा रस, असली नावं.

मी वय सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. मी आलो त्याच महिन्यात एका सभासदानं आपण पंचावन्न वर्षांचे असल्याचं सांगून टाकलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला काका म्हणू लागली. त्याच्यासमोर कुणी चावट बोलेना, कुणी कुणाची खेचेना. सकाळी त्याला फुलांची चित्रं यायची. महिनाभर त्यानं हा मान सोसला आणि "पोरांनो, सुखात राहा" असं लिहून निघून गेला. ते वाचून मी ठरवलं की आपण अंक्याच राहायचं. गावात मला मान भरपूर मिळतो. मला अरे म्हणणारं जगात कुणी उरलेलं नव्हतं, आणि इथं फुकट मिळत होतं.

तर एका दुपारी नंदीशनं ग्रुपवर लिहिलं, "रक्तात काय कमी हाय ते मशीन सांगतंय. पण आपल्यात कोण खरंच बरं हाय आणि कोण नुसतं बरं हाय म्हणतंय, ते कळायला मार्ग न्हाय. आपण एक सर्व्हे काढू. स्वभाव कसा, झोप कशी, मन कसं. नाव लिहायचं न्हाय." सोलापूरच्या एक समुपदेशक बाई पोरांशी फोनवर बोलायला तयार होत्या. पण कशाबद्दल बोलायचं, ते त्यांना आधी कळायला हवं होतं.

नंदीशनं इंटरनेटवरून इंग्रजी प्रश्नावली घेतली आणि फोनकडूनच तिचं मराठी करून घेतलं. पहिलाच प्रश्न होता, "तुम्ही पक्षाचा प्राण आहात काय?"

वाघ्याचं उत्तर लगेच आलं. "म्या अजून कुठल्याच पक्षात न्हाय. जिल्हा परिषदेचं तिकीट देत असाल तर बोला."

इंग्रजीतल्या पार्टीचा फोननं पक्ष केला होता. मी एकटाच वाचनालयात बसून मोठ्यानं हसलो. पेपर चाळणाऱ्या पेन्शनरांनी वर बघितलं. मग मी एका बोटानं टाइप केलं, "प्रश्न मी मराठीत लिहून देऊ का?" पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी चुकून बोट लागलं आणि गेलं.

"अंक्या!" नंदीशनं लिहिलं. "आरं, तू बोलतोस व्हय! मला वाटलं, नुसताच कपाटात पडलेला हाईस."

त्यानंतरच्या दुपारी फार सुखाच्या गेल्या. मी प्रश्न लिहायचो, नंदीश काम सांभाळून त्यात खोड्या काढायचा. मी 'एकाकी' लिहिलं, तर म्हणाला, "हे कोण बोलतं रं? बातम्या देतोस का?" मग मी घरी वहिनीला विचारलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, मथुराबाई. भाऊ गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती स्वयंपाक करते, मी दळण आणतो.

"वहिनी, एकाकी वाटतं, याला आपण काय म्हणतो?"

"करमंना म्हंतो की. कुणाला करमंना?"

"कुणाला नाही. पुस्तकातलं आहे."

"मग पुस्तकातल्याला म्हणावं, जेवायला ये."

मी 'एकाकी' खोडून 'करमतं का' लिहिलं. नंदीश खूश झाला.

प्रश्न तयार झाले. वर थोड्या सूचना हव्यात, असं मला वाटलं, आणि सवयीनं हातातून उतरल्या. 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. योग्य पर्याय निवडा. खाडाखोड करू नये.' नंदीशही घाईत होता. त्यानं सगळं तसंच फोनवर चढवलं.

संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग आला. मला इतका आनंद झाला की वहिनीनं विचारलं, "पेन्शन वाढली का?" दुसऱ्या दिवशी नंदीशचा निरोप आला.

"अंक्या, घोळ झालाय. सगळ्यांची उत्तरं एकच हायत."

"म्हणजे?"

"म्हंजी सगळ्यांना झोप उत्तम. सगळ्यांचं मन प्रसन्न. सगळ्यांना करमतंय. सगळे मनमोकळे, सगळ्यांना मित्र भरपूर. आरं, एवढी सुखी माणसं आख्ख्या जिल्ह्यात न्हाईत!"

चौकशीअंती उलगडा झाला. वाघ्यानं आपला भरलेला सर्व्हे पोरांना आपसात पाठवला होता, 'आदर्श उत्तरपत्रिका' असं शीर्षक देऊन. खाली लिहिलं होतं, 'बघून लिवा. एकानं बी नापास व्हायचं न्हाय.'

नंदीशनं त्याला झापलं, तर तो म्हणाला, "माझी काय चूक? वर लिवलंय की योग्य पर्याय निवडा. म्हंजी चारातला एकच योग्य असणार. म्या दहावीला बी आसंच आख्ख्या बाकड्याला पास केलं व्हतं."

इथवर गंमत होती. पुढं त्यानं जे लिहिलं, ते वाचून मी फोन उपडा ठेवला. "आन चारपाच जण इचारत व्हते, मन उदास हाय असं लिवलं तर ग्रुपमधून काढत्याल का? त्येंला काय सांगू? म्हणून दिली उत्तरं."

पस्तीस वर्षं मी प्रश्नपत्रिका काढल्या. ज्यांना जगात कुठंच मोकळं बोलता येत नाही, त्यांच्यापुढं मी पुन्हा एक परीक्षाच ठेवली होती. मला वाटलं, आता गुपचूप ग्रुप सोडावा. पोरं दोन दिवस विचारतील, मग विसरतील.

तेवढ्यात नंदीशचा निरोप आला. "अंक्या, तू मास्तर हाईस काय रं?"

मी दोनदा लिहून पुसलं. मग लिहिलं, "आमच्या घरात एक मास्तर आहे." हे खोटं नव्हतं.

"तरीच. त्येला दूर ठेव आन परत लिव. तुझ्याबिगर कोण लिवणार?"

मी परत बसलो. या वेळी मास्तरला दूर ठेवलं. सर्वांत वर लिहिलं, 'यात कुणी नापास होत नाही. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक नाही.' पर्यायसुद्धा काढून टाकले, कारण पर्याय आले की योग्य पर्याय आला. मन प्रसन्न आहे का, हा प्रश्न काढून त्याजागी लिहिलं, 'शेवटचं पोट धरून हसलात, ते कुणासोबत?' मित्र किती आहेत, याऐवजी 'अंगात ताप भरला, तर दारात रिक्षा कोण आणेल?'

एक प्रश्न अणदूरचा होता. आमच्या खंडोबाची मूर्ती एकच, पण देवळं दोन. वर्षातले बहुतेक महिने देव आमच्याकडं असतो, मग पालखीत बसून नळदुर्गाला जातो आणि दोनेक महिन्यांनी परत येतो. दोन्ही गावची माणसं त्यासाठी करार करतात. लहानपणापासून मला या देवाबद्दल आपुलकी वाटत आली आहे. मी लिहिलं, 'घरी तुम्ही एक असता आणि या फोनमध्ये एक. देवळं दोन, मूर्ती एकच. सध्या मूर्ती कुठं आहे?'

नंदीश म्हणाला, "हे सोलापूरच्या बाईंना कळंल का?"

"पोरांना कळेल."

शेवटचा प्रश्न होता, 'आपल्यातलं कुणी भेटायला आलेलं चालेल का? चालणार असेल, तर फक्त गाव लिहा.'

"हे न्हाय चालणार," नंदीशनं लिहिलं. "गाव कुणी लिवत नसतंय, अंक्या. नाव खोटं लावता येतं, गाव न्हाय."

"एक तरी लिहील."

"तुझ्याकडं बघून ठेवतो."

या वेळी उत्तरं हळूहळू आली, आणि वेगवेगळी आली. नंदीश मला त्यातली काही पाठवायचा. एकानं लिहिलं होतं, 'हसलो कधी ते आठवंना. पण काल म्हस टावेल शिंगावर घेऊन पळाली तवा थोडं.' दुसऱ्यानं लिहिलं, 'रिक्षा म्याच चालवतो, त्यामुळं अडचण न्हाय. पण मागं कोण बसंल ते म्हाईत न्हाय.' एकाला वर्षभर झोप नव्हती. लग्न ठरत आलेला एक जण होता, त्यानं एकाच प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं, बाकीचे सोडले होते. ते एक उत्तर लांबलचक होतं. बाईंना काय हवं होतं, ते मिळालं.

आणि खंडोबाच्या प्रश्नावर एक उत्तर होतं, 'मूर्ती मधल्या रस्त्यावर हाय. खांदा द्यायला माणसं मिळंनात.'

ते वाचून मी वाचनालयाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर बैलगाडी, दोन शाळकरी पोरी, जीपवाल्याचं "नळदुर्ग, नळदुर्ग" चाललेलं. मला वाटलं, हे उत्तर मी लिहायला हवं होतं. पण मी सर्व्हे भरलाच नव्हता.

गाव मात्र कुणीच लिहिलं नाही. आठवड्यानं नंदीशनं विचारलं, "तुझा शेवटचा प्रश्न काढून टाकू का? रिकामाच दिसतोय. पोरं आजून भितेत."

मी म्हणालो, "थांब जरा."

त्या दुपारी मी माझाच सर्व्हे उघडला. हसलो कुणासोबत? एकटाच, वाचनालयात, वाघ्याचं वाचून. रिक्षा कोण आणेल? वहिनी आणील. पण तिला रस्त्यापर्यंत पोचायलाच वेळ लागेल, आणि ती पडली तर रिक्षा मी आणायची. शेवटच्या प्रश्नाशी आलो. जे आपल्याला लिहवत नाही, ते दुसऱ्यांना लिहा म्हणायचं, हे बरं नव्हे. पण लिहिलं की कुणीतरी येणार. आलं की बघणार. बघितलं की अंक्या संपला. मग मास्तर, सर, आजोबा, आणि सकाळी फुलांची चित्रं.

मी लिहिलं, 'अणदूर. रविवारी वाचनालयात.' आणि या वेळी बोट चुकून लागलं नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला वाचनालयापुढं मोटरसायकल थांबली. दोघं उतरले. एक उंच, चष्मेवाला, केस नीट विंचरलेले. दुसरा बुटका, छाती पुढं काढून चालणारा. आत मी एकटाच होतो. दोघांनी इकडंतिकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं, पण टेबलाकडं बघावं तसं.

"आजोबा," चष्मेवाला म्हणाला, "हितं कुणी तरुण माणूस येतो का बसायला?"

"तरुण कुणी येत नाही," मी म्हणालो. हेही खोटं नव्हतं.

"आम्ही थोडं थांबलं तर चालंल का?"

"बसा की."

ते बसले. बुटक्यानं एक मासिक उलटं धरलं. कुजबुज ऐकू येत होती. "भ्याला आसंल त्यो. वळून गेला आसंल." "थांब, अंक्याला इचारतो. हितल्या खंडोबाचं त्येला म्हाईत व्हतं, हिकडं कुणी वळखीचं आसंल." म्हणजे हा चष्मेवाला नंदीश. आणि तो बुटका बहुतेक वाघ्या. वर्षभर ज्यांची चेष्टा रोज वाचली, ते दोघं हाताच्या अंतरावर होते, आणि मला नुसतं गप्प बसून राहायचं होतं. थोड्या वेळानं ते उठून गेले असते. अंक्या वाचला असता.

नंदीशनं फोनवर काहीतरी लिहिलं.

माझ्या खिशात टिंग झालं.

मी हललो नाही. नंदीशनं पुन्हा लिहिलं. पुन्हा टिंग झालं. वाघ्यानं मासिक खाली केलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशाकडं बघितलं.

मी फोन काढला. चष्मा बदलला. आलेलं वाचलं. 'अंक्या, आम्ही अणदुरात हाव. ज्यानं गाव लिवलं त्यो सापडंना.' आणि खाली, 'जागा हाईस का?' मी एका बोटानं टाइप करायला लागलो. माझा वेग फार कमी आहे. ते दोघं बघत राहिले. मी लिहिलं, 'समोर बघ.'

नंदीशच्या हातातला फोन वाजला. त्यानं वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं.

"अणदूर मीच लिहिलं," मी म्हणालो. "आणि जुना अंकही मीच."

मग नंदीश उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या पाया पडला. मागोमाग वाघ्याही. "सर," नंदीश म्हणाला, "म्या तुम्हाला काय काय बोललो. कपाटात पडलाय म्हणालो."

"बरोबरच म्हणालास," मी म्हणालो. पण मनात आलं, झालं, गेलं ते.

मी त्यांना घरी जेवायला नेलं. वहिनी चुलीपुढं होती. नंदीशनं नमस्कार करून सांगितलं, "आजी, आम्ही डोंगर चढायच्या ग्रुपमधले. सर आमच्यात हायत."

वहिनीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्येंला दोन पायऱ्या चढवत न्हाईत. डोंगर कुठला चढतेत?"

वाघ्या खुदकन हसला, मग तोंड दाबलं. त्याचं नाव बिरदेव. घरची मेंढरं आहेत, आणि तो स्वतः तुळजापूरला दुकानात कामाला असतो. ताटं मांडली. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. दोघं पाठ ताठ करून बसले. "सर, पाणी देऊ का?" "सर, तुम्ही आधी घ्या." "सर, तब्येत कशी असते?" पाहुणे चांगले होते. असे पाहुणे माझ्याकडं नेहमी येतात.

काहीतरी बोलायचं म्हणून नंदीश म्हणाला, "सर, निघताना ग्रुपवर टाकलं व्हतं, एकानं गाव लिवलंय, आम्ही निघालोय. तर वाटेत आजून दोघांनी लिवलं. तुमचा प्रश्न चालला."

"आणि तो मधल्या रस्त्यावरचा?" मी विचारलं. "खांदा द्यायला माणसं मिळेनात म्हणणारा? त्यानं लिहिलं का?"

नंदीशनं खांदे उडवले. बिरदेव ताटात बघत होता. कान लाल झालेले. "त्यो हितंच हाय की," तो म्हणाला. "आलाय."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. सगळ्यांना हसवणारा वाघ्या. आदर्श उत्तरपत्रिका त्यानंच लिहिली होती.

"मग पहिल्या खेपेला मन प्रसन्न कसं लिहिलंस?"

"आता मलाच बोला!" तो उसळला. "आरं अंक्या, सूचना तूच तसल्या लिवल्या व्हत्यास! खाडाखोड करू नये म्हणं! फोनवर कोण खाडाखोड करतं रं?"

मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं जीभ चावली. नंदीशनं त्याला कोपर मारलं.

वहिनी भाकरी थापायची थांबली. "अंक्या कोण?"

"मी," मी म्हणालो.

"मोठ्या माणसाला आसं बोलत्यात व्हय रं, पोरा?"

"बोलू द्या, वहिनी," मी म्हणालो. "त्याला बोलू द्या. सूचना खरंच वाईट होत्या."

नंदीशनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं. रक्ताच्या नळीकडं बघत असेल तसं. मग त्यानं चटणीची वाटी माझ्याकडं सरकवली. "घे," तो म्हणाला. "आन गुडघा कुठला दुखतो ते सांग. लई शाना हाईस तू. वर्षभर थांगपत्ता लागू दिला न्हाईस."

मला ठसका लागला. चटणीचा असावा.

नंतर आम्ही खूप बोललो, ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. काही तर चावट होतं. ज्या दोघांनी गाव लिहिलं, त्यातला एक धाराशिवजवळचा, एक उमरग्याकडचा. पुढच्या रविवारी धाराशिवजवळच्याकडं जायचं ठरलं. मोटरसायकलवर तिघं बसतील का, यावर वाद झाला. मी म्हणालो की मी एसटीनं येईन. बिरदेव म्हणाला, "अंक्याला मधी बसवू, पडायचा न्हाय."

ते गेल्यावर वहिनी ताटं उचलत होती.

"करमंना म्हणणारी ती पुस्तकातली पोरं, हीच का?"

"हीच," मी म्हणालो. मग एक ताट तिच्या हातात देत म्हणालो, "आणि मीही त्यातलाच आहे, वहिनी."

तिनं ताटं एकात एक ठेवली. तिला किती समजलं, किती आधीपासून समजलेलं होतं, मला सांगता येणार नाही. मी तिला तो प्रश्न विचारलेला नाही. सगळे प्रश्न सोडवायलाच हवेत असं नाही.

"डोंगर चढा न्हाय तर नका चढू," ती म्हणाली. "पर पुढच्या ऐतवारी भाकरी किती जणांच्या बांधू, तेवढं आदल्या दिवशी सांगत जावा."